विद्युत्-गिटारीच्या पिकअपची निवड : विशेषणे आणि कारणे

विद्युत्-गिटारीचा जुना पिकअप काढून त्या जागी नवा बसवावयाचा, हे काम वरवर पाहता कारागिराचे आहे. चार स्क्रू सोडवावयाचे, दोन तारांचा डाख उतरवावयाचा आणि पुन्हा द्यावयाचा, एवढाच त्याचा व्याप. परंतु कोणता पिकअप बसवावयाचा, हा प्रश्न कारागिराच्या हातोटीने सुटत नाही. कारण ही वस्तू बहुधा न ऐकताच विकत घ्यावी लागते. दुकानदार ती नुसती वाजवून दाखवू शकत नाही. ती आपल्या गिटारीत बसवून, वर तारा चढवून, आपल्याच अँप्लिफायरला जोडल्यावाचून तिचा नाद कळत नाही, आणि एकदा डाख लागला की विक्रेता ती परत घेण्यास सहसा राजी नसतो. तेव्हा गिऱ्हाइकाच्या हाती दोनच साधने उरतात : उत्पादकाने योजिलेली विशेषणे आणि त्यांच्यासोबत छापलेला एक आकडा. विशेषणे म्हणजे ‘उबदार’, ‘तेजस्वी’, ‘मलईदार’, ‘धारदार’. आकडा म्हणजे पिकअपच्या वेटोळ्याचा विद्युत् रोध, हजार ओहमांच्या मापात. एवढ्या आधारावर हजारो रुपयांची खरेदी होते. ह्यांपैकी विशेषणे नेमके कशाचे वर्णन करतात आणि आकडा कशाचे करीत नाही, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत असा विषय पाहून वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु मानवी स्वरांच्या विश्लेषणासाठी आपण जी साधने वापरतो तीच येथे कामास येतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

‘पिकअप’ हा शब्द मी तसाच ठेवला आहे. ‘ध्वनिग्राहक’ असा प्रतिशब्द सहज सुचतो, परंतु ग्राहकाने ग्राहक विकत घ्यावा ही शब्दयोजना मला रुचत नाही. शिवाय तो प्रतिशब्द शास्त्रदृष्ट्याही चुकीचा आहे. पिकअप ध्वनीचे ग्रहण करीतच नाही. त्यात एक किंवा अनेक चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहूनही बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःच किंचित् चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्या बदलाच्या वेगाच्या प्रमाणात वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. म्हणजे पिकअप टिपतो ती तारेची हालचाल. नायलॉनच्या तारेखाली तो मुका राहतो. जॉर्ज बोशँप ह्याने १९३१ मध्ये ह्या तत्त्वावर वाद्य तयार केले, १९३२ मध्ये ते बाजारात आले आणि १९३७ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. त्यानंतर पिकअपच्या घडणीत अनेक फेरफार झाले. तत्त्व मात्र तेच राहिले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्वरोच्चाराचे आजचे शास्त्र एका साध्या विभागणीवर उभे आहे : कंठातील स्वरतंत्र्या हा ध्वनीचा उगम, आणि घशापासून ओठांपर्यंतची पोकळी ही त्या ध्वनीची गाळणी. चिबा आणि काजियामा ह्या जपानी संशोधकांनी १९४१ मध्ये आणि गुन्नार फांट ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ह्या विचारास व्यवस्थित रूप दिले. उगमातून मूळ कंपनसंख्या आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा अंशस्वरांची रांग बाहेर पडते. गाळणी त्यांपैकी काहींना उचलून धरते, काहींना दाबते. ‘आ’ आणि ‘ई’ एकाच पट्टीत गाइले तर पट्टी उगमाने ठरते आणि ‘आ’चे आपण गाळणीने ठरते. विद्युत्-गिटारीत तार हा उगम आहे आणि पिकअप, त्याला जोडलेल्या केबलसह, ही गाळणी आहे. पिकअप बदलणे म्हणजे पट्टी तीच ठेवून तोंडाचा आकार बदलणे होय. ही उपमा केवळ शोभेची नव्हे. तिच्यातून पुढची बहुतेक अनुमाने निघतात.

ह्या गाळणीचे मुख्य लक्षण म्हणजे तिचे अनुस्पंदन. वेटोळ्याला प्रवाहातील बदलास विरोध करण्याचा जो गुण असतो त्यास प्रवर्तकत्व म्हणतात आणि तो हेन्री ह्या एककात मोजतात. दुसऱ्या बाजूस, वेटोळ्याच्या वेढ्यांमध्ये आणि त्याहून किती तरी अधिक प्रमाणात केबलमध्ये, थोडा थोडा विद्युत् भार साठवण्याची शक्ती असते. ती धारकता, आणि येथे तिचे माप पिकोफॅरडमध्ये येते. प्रवर्तकत्व आणि धारकता ह्यांचा गुणाकार जसा वाढेल, तशी त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात अनुस्पंदनाची कंपनसंख्या खाली येते. ह्या बिंदूपर्यंतचे अंशस्वर पिकअप बहुतांशी जसेच्या तसे पुढे पाठवतो, बिंदूपाशी त्यांना उठाव देतो आणि त्याच्या वर झपाट्याने कापून टाकतो. उठावाचे हे शिखर कोठे आहे आणि किती उंच आहे, ह्या दोन गोष्टींत पिकअपचा बहुतेक स्वभाव सामावलेला असतो. हेल्मुट लेम्मे ह्या जर्मन अभियंत्याने आपल्या ग्रंथांतून हा मुद्दा आग्रहाने मांडला आहे, आणि माझ्या मते तो अद्यापि पुरेसा ऐकला गेलेला नाही.

आकडे घेऊन पाहू. स्ट्रॅटोकॅस्टर जातीच्या गिटारीतील एकवेटोळी पिकअपचे प्रवर्तकत्व साधारणतः २.४ हेन्री असते. पिकअपची स्वतःची धारकता सुमारे १०० पिकोफॅरड, आणि केबलची दर मीटरास सुमारे १०० धरली, तर पाच मीटरांच्या केबलसह एकूण ६०० होते. गणित केल्यास शिखर ४२०० हर्ट्झच्या आसपास येते. ४.४ हेन्रींचा जुन्या धर्तीचा हंबकर त्याच केबलला जोडला तर ते ३१०० वर येते, आणि ८ हेन्रींच्या जोरकस पिकअपात २३०० पर्यंत उतरते. मानवी कान तीन ते चार हजार हर्ट्झच्या टापूत सर्वांत तिखट असतो. म्हणून ह्या स्थलांतराचा परिणाम कागदावर दिसतो त्याहून कानाला पुष्कळच मोठा वाटतो. मराठी भाषकाला तो ऐकून पाहावयाचा असल्यास गिटारीचीही गरज नाही. ‘चाक’मधील दंततालव्य च आणि ‘चार’मधील तालव्य च लागोपाठ उच्चारून पाहावेत. पहिल्यातील घर्षणाची शक्ती वरच्या कंपनसंख्यांत एकवटलेली असते, दुसऱ्यातील खाली सरकलेली. लेखनात आपण दोहोंना एकच अक्षर देतो; पण कान फसत नाही. एकवेटोळी पिकअपकडून हंबकरकडे जाताना जे घडते ते जातीने ह्याच प्रकारचे आहे.

ह्याच गणितातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते. वरील २.४ हेन्रींचा पिकअप तीन मीटरांच्या केबलला जोडला तर शिखर ५१०० वर जाते. नऊ मीटरांच्या केबलला जोडला तर ३२५० वर येते. म्हणजे केवळ केबल लांब केल्याने एकवेटोळी पिकअपचे शिखर हंबकरच्या टापूत जाऊन बसते. पिकअपचा नाद ‘तेजस्वी’ आहे असे सांगणाऱ्याने किती मीटरांच्या केबलवर ऐकून तसे म्हटले, हे सांगितले नसेल तर त्याने फारच थोडे सांगितले आहे. काही उत्पादक शिखराची कंपनसंख्या छापतात खरी, पण ती केबल न जोडता मोजलेली असते. तो आकडा सात-आठ हजारांचा पाहून कोणी आनंदित होऊ नये.

आता छापील रोधाविषयी. ज्या रोधाच्या आकड्यावर इतकी भिस्त ठेवली जाते तो वस्तुतः तारेची लांबी आणि जाडी एवढेच सांगतो. आणि तेही एकत्र करून, म्हणजे दोहोंपैकी काहीच निश्चित न सांगता. तार बारीक घेतली तर कमी वेढ्यांतही रोध वाढतो. उदाहरणार्थ, तीन सुप्रसिद्ध पिकअप घेऊ, ज्यांचा रोध साडेसात ते आठ हजार ओहमांच्या घरात असतो. टेलिकॅस्टरच्या मानेकडील पिकअपात ४३ क्रमांकाची बारीक तार असते आणि त्याचे प्रवर्तकत्व जेमतेम दोन-सव्वादोन हेन्री भरते. गिब्सनच्या पन्नाशीतील हंबकरमध्ये ४२ क्रमांकाची तार दोन वेटोळ्यांत, प्रत्येकी सुमारे पाच हजार वेढ्यांची. त्याचे प्रवर्तकत्व सव्वाचार-साडेचार हेन्री. गिब्सननेच १९४६ मध्ये आणलेल्या पी-९० मध्ये त्याच तारेचे सुमारे दहा हजार वेढे एकाच वेटोळ्यात आणि पोलादी स्क्रू त्याच्या गाभ्यात. तेथे प्रवर्तकत्व सहा हेन्रींच्या वर जाते. तिघांचा रोध जवळजवळ सारखा. पण पाच मीटरांच्या केबलवर पहिल्याचे शिखर साडेचार हजारांजवळ, दुसऱ्याचे तीन हजारांजवळ आणि तिसऱ्याचे अडीच हजारांजवळ. (पहिल्यावर धातूचे झाकण असते, त्यात उठणारे आवर्त प्रवाह शिखर बरेच बोथट करतात, म्हणून तो पिकअप आकड्यावरून वाटतो तितका टोकदार वाजत नाही.) एकाच आकड्याखाली तीन स्वभाव नांदत असतील, तर तो आकडा स्वभावाचा निदर्शक कसा मानावयाचा? शिवाय तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो. वीस अंश सेल्सिअसला ८००० ओहम दाखवणारे वेटोळे पस्तीस अंशांच्या खोलीत ८४७० दाखवील. आपल्याकडे एप्रिल महिन्यात सगळेच पिकअप अधिक ‘जोरकस’ होतात, असे त्यावरून म्हणावे लागेल.

रोधाचा उपयोग नाहीच असे नाही. वेटोळे तुटले आहे काय हे तो चटकन सांगतो, आणि एकाच घडणीचे, एकाच तारेचे दोन पिकअप तोलावयाचे असतील तर वेढ्यांचा अंदाज देतो. ह्यापलीकडे त्याच्याकडे काही मागू नये. विचारावयाचे ते प्रवर्तकत्व. ते मोजणारे छोटे मापक फारसे महाग नसते, आणि विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तर ते असतेच.

आकड्यांप्रमाणे नावेही फसवतात, आणि ह्या बाबतीत भाषेच्या अभ्यासकास एक नमुनेदार उदाहरण मिळते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर ह्या अभियंत्याने दोन वेटोळ्यांच्या पिकअपसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. १९५७ पासून हे पिकअप गिटारींत बसू लागले. पेटंट १९५९ मध्ये मिळाले. मधल्या काळात पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी डकवलेली असे, आणि पेटंट हाती आल्यावरही ती काही वर्षे डकवली जातच राहिली. ह्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, पी-ए-एफ, आज एका नादाचे नाव झाली आहेत. कायद्याची एक सूचना आधी वस्तूची खूण झाली, मग कालखंडाची, मग गुणाची. आणि आता जगातील कोणताही उत्पादक आपल्या नव्या मालास ‘पीएएफ जातीचा’ म्हणू शकतो. गंमत अशी की त्या काळी वेढे मोजण्याची शिस्त सैल होती, दोन वेटोळी क्वचितच सारखी भरत आणि चुंबकही हाताशी येतील तसे लागत. त्यामुळे मूळ पीएएफ एकमेकांसारखे नसत. ज्या शब्दाचा मूळ संदर्भच एकजिनसी नव्हता त्याची हुबेहूब नक्कल कशाची करावयाची? पुढे गिब्सनने चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक छापला, तोही लव्हरच्या पिकअपचा नव्हता. लेस पॉल ह्याच्या नावे असलेल्या, तार अडकवण्याच्या एका साधनाच्या पेटंटचा तो क्रमांक होता.

हंबकरच्या दुसऱ्या वेटोळ्याचे प्रयोजन मात्र शुद्ध व्यावहारिक आहे. घरातील विजेच्या तारांभोवती जे बदलते क्षेत्र असते ते प्रत्येक वेटोळ्यात गुणगुण उत्पन्न करते; भारतात वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ही गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर विशेष जाणवते. लव्हरने दोन वेटोळी उलट दिशांनी जोडली आणि त्यांच्या चुंबकांची टोकेही उलट ठेवली. बाहेरची गुणगुण चुंबकाला जुमानत नाही, म्हणून ती दोन वेटोळ्यांत परस्परविरुद्ध होऊन नाहीशी होते; तारेचा संकेत मात्र दोनदा उलटल्यामुळे एकत्र जोडला जातो. जुन्या इमारतीत, जेथे विजेचे काम दाटीवाटीचे आणि भूसंपर्क बेताचा असतो, तेथे ध्वनिमुद्रण करणाऱ्याने एकवेटोळी पिकअप निवडताना ह्याचा आधी विचार करावा. एकावर एक रचलेल्या दोन वेटोळ्यांचे, पण एकवेटोळ्याच्या आकाराचे पिकअपही मिळतात. त्यांत गुणगुण जाते आणि गिटारीचे लाकूड कोरावे लागत नाही.

पिकअप कोठे बसला आहे, ह्याचे महत्त्व तो कोणता आहे ह्याहून कमी नाही. थॉमस यंगने १८०० मध्ये दाखवले की तार ज्या बिंदूपाशी छेडावी, तेथे ज्या अंशस्वराचा निस्पंद बिंदू असेल तो अंशस्वर उमटत नाही. पिकअपच्या बाबतीत हाच नियम आरशातल्यासारखा उलटा लागू होतो : पिकअपच्या वर ज्या अंशस्वराचा निस्पंद असेल, तो अंशस्वर तारेत असूनही पिकअपला दिसत नाही. स्ट्रॅटोकॅस्टरच्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, आणि मानेकडील पिकअप घोडीपासून सुमारे १६२ मिलिमीटरांवर, म्हणजे बरोबर एक-चतुर्थांशावर असतो. मोकळ्या तारेचा चौथा अंशस्वर तेथे हरपतो. जाड ई तारेची कंपनसंख्या ८२.४, तेव्हा ३३० हर्ट्झवर खळगा पडतो. तीच तार बाराव्या पडद्यावर दाबली तर मूळ स्वर १६५ होतो आणि आता दुसरा अंशस्वर हरपतो. पण दुसरा अंशस्वर म्हणजे पुन्हा ३३० च. पडदा कोणताही दाबा, त्या तारेवरचा खळगा हलत नाही. घोडीकडील पिकअप सुमारे ४० मिलिमीटरांवर असल्यामुळे त्याचा पहिला खळगा तेराशे हर्ट्झच्या पुढे पडतो, आणि त्याखालचे सर्व काही त्याला दिसते. मात्र तारेचा झोका तेथे लहान असल्याने मूळ स्वर क्षीण येतो. मानेकडील पिकअपचा भरदार घुमारा आणि घोडीकडील पिकअपचा चिरका बाणा हे प्रथमतः जागेचे गुण आहेत. कोणताही उत्पादक जागा विकत नाही. तेव्हा घोडीकडे बसवलेल्या पिकअपकडून मानेकडचा नाद अपेक्षिणारा गिऱ्हाईक कितीही पैसे मोजो, निराशच होणार.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. यंगचा नियम तंबोरा आणि वीणा ह्यांना लागू पडत नाही, हे चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ मध्ये दाखवले; छेडण्याच्या बिंदूपाशी निस्पंद असलेले अंशस्वरही त्या वाद्यांत स्पष्ट उमटतात, कारण तार रुंद, वक्र घोडीला अलगद स्पर्श करीत राहते. हीच जवारी. मिरजेचे कारागीर ती घासून ‘खुली’ किंवा ‘बंद’ करतात, आणि हे दोन शब्द मला नादाच्या विशेषणांचा आदर्श वाटतात. कारण त्यांना एक निश्चित कृती चिकटलेली आहे : घोडीचा उतार अमुक प्रकारे घासला की जवारी खुलते. शब्द उच्चारताच काय करावयाचे ते ऐकणाऱ्या कारागिराला कळते. पिकअपच्या बाजारातील ‘उबदार’ शब्दाला अशी कोणतीही कृती चिकटलेली नाही.

ह्याचा अर्थ तो शब्द निरर्थक आहे असा नव्हे. ऑस्गुड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अर्थमापनाच्या पद्धतीत अशी विशेषणे दोन विरुद्ध टोकांच्या पट्टीवर मांडली जातात, आणि ऐकणाऱ्यांत काही बाबतींत पुरेसे एकमतही आढळते. परंतु अशी पट्टी तुलनेची असते. ‘उबदार’ म्हणजे कशाहून उबदार, हे सांगितल्यावाचून विधान पुरे होत नाही. जाहिरातीत नेमका हा दुसरा पक्ष गाळलेला असतो, आणि तो वाचणारा आपापल्या गिटारीने भरून काढतो. मराठीत ह्या कामासाठी इंग्रजीच्या छायेत चालण्याचे कारणच नाही. खणखणीत, किणकिणता, चिरका, घोगरा, भरदार, घुमारेदार, बोदा असे आपले शब्द पुष्कळसे ध्वनीवरूनच घडलेले आहेत, आणि त्यांना कारणे जोडून देता येतात. शिखर चार हजारांच्या वर आणि उंच असेल तर नाद किणकिणता. तीन हजारांजवळ उंच असेल तर खणखणीत. दोन हजारांजवळ येऊन बोथट झाले तर बोदा. घुमारा बहुधा जागेचा. ‘घोगरा’ मात्र पिकअपचा नव्हे; तो अँप्लिफायर कुवतीबाहेर चालवल्याचा, किंवा चुंबक तारांच्या फार जवळ आल्याचा परिणाम असतो.

चुंबकांविषयी बाजारात जे बोलले जाते ते मला अतिरंजित वाटते. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट ह्यांच्या मिश्रधातूचे अल्निको चुंबक ‘गोड’ आणि सिरॅमिक चुंबक ‘कठोर’, ही समजूत सरसकट खरी नाही. चुंबकाचा जोर वाढला की संकेत मोठा होतो आणि तारेवरची ओढ वाढते. नादातील बाकीचा फरक बहुतेक वेळा वेढे, गाभ्यातील पोलाद आणि झाकण ह्यांचा असतो. १९७२ मध्ये डिमार्झिओने स्वतंत्रपणे विकावयास आणलेला ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा सिरॅमिक चुंबकाचा होता खरा. पण त्याचा स्वभाव त्याच्या भरपूर वेढ्यांनीही घडवला होता. त्या काळी नळ्यांच्या अँप्लिफायरला कुवतीबाहेर ढकलण्यास जोरकस पिकअप हा सरळ उपाय होता. आज ते काम पायाखालची एखादी लहानशी पेटी करते, आणि वरचे अंशस्वर गमावून जोर विकत घेण्याचे कारण पुष्कळसे उरलेले नाही.

गाळणी पिकअपपाशी संपत नाही. व्हॉल्यूमचा पॉट अडीच लाख ओहमांचा असेल तर शिखर ठेंगणे होते, पाच लाखांचा असेल तर उंच राहते. एकवेटोळ्यांच्या गिटारीत परंपरेने पहिला, हंबकरच्या गिटारीत दुसरा. पिकअप बदलून पॉट तसाच ठेवणारा मनुष्य हंबकर बोदा वाजतो अशी तक्रार करतो, ती पुष्कळदा पॉटची असते. शेवटी बारा इंची गिटार-स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर फारसे काही बाहेर सोडत नाही; त्यापलीकडच्या ‘तेजा’साठी पैसे देणे व्यर्थ होय.

आता एक प्रत्यक्ष निवड करून पाहू. तक्रार नेहमीची आहे : स्ट्रॅटोकॅस्टर धर्तीच्या गिटारीचा घोडीकडील पिकअप फार चिरका वाजतो, तो बदलावयाचा आहे. प्रथम उंची पाहावी. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअपचे अंतर सुमारे दोन मिलिमीटर आहे काय, ते तपासावे. पिकअप फार खाली असल्यास नाद पातळ होतो. फार वर असल्यास चुंबक तार ओढतात, अंशस्वर बेसूर होतात आणि एकाच तारेतून दोन सूर भांडत असल्यासारखे ऐकू येते. दुसरी गोष्ट, ह्या गिटारीच्या मूळ जोडणीत घोडीकडील पिकअपला टोनचा पॉट जोडलेलाच नसतो. एक लहान तार डाखून तो जोडता येतो, आणि कित्येकांची तक्रार तेवढ्यावर मिटते.

तिसरा प्रयोग माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. ४७० पिकोफॅरडचे एक लहान धारित्र, जे काही रुपयांत मिळते, पिकअपच्या दोन टोकांमध्ये तात्पुरते जोडावे. एकूण धारकता ६०० वरून १०७० होते आणि शिखर ४२०० वरून ३१४० वर उतरते. म्हणजे सव्वाचार-साडेचार हेन्रींचा पिकअप ज्या टापूत वाजला असता, त्या टापूत जुनाच पिकअप वाजू लागतो. जोर वाढणार नाही, शिखराची उंचीही तंतोतंत जुळणार नाही, आणि गुणगुण तर तशीच राहील. पण शिखराची नवी जागा आपल्या कानाला मानवते की नाही, हे एक पैचाही नवा पिकअप न घेता कळते. मानवली नाही तर २२० किंवा ३३० चे धारित्र लावून मधली जागा शोधावी. अशा रीतीने हवी ती कंपनसंख्या कानाने ठरली की तिच्यावरून प्रवर्तकत्व उलट गणिताने काढता येते, आणि मग विक्रेत्याला विशेषण न विचारता हेन्रींचा आकडा विचारता येतो.

ह्यानंतरही खरेदी करावयाची ठरल्यास दोन-तीन बाबी पाहाव्यात. तारांमधील अंतर आणि पिकअपच्या खुंट्यांमधील अंतर जुळावे. पहिल्या व सहाव्या खुंटीतील अंतर काही हंबकरमध्ये सुमारे ५० मिलिमीटर असते, तर रुंद घोड्यांसाठी केलेल्यांत ५३. मोठ्या आवाजात वाजवणाऱ्याने वेटोळे मेणात बुडवून घट्ट केलेले आहे ह्याची खात्री करून घ्यावी, नाही तर ते शिट्टी घालते. आणि नव्या पिकअपची चुंबकीय व विद्युत् दिशा उरलेल्या पिकअपांशी मिळती आहे काय, हे आधीच विचारावे. ती उलटी असल्यास दोन पिकअप एकत्र लावताच खालचे अंशस्वर परस्परांना खाऊन टाकतात आणि उरतो तो पोकळ, नाकातून आल्यासारखा नाद. अनुनासिक स्वरात नाकाची पोकळी काही अंशस्वर गिळते, त्याची येथे आठवण होते. एकवेटोळ्यात वेटोळ्याची दोन टोके अदलाबदल केली की हे दुरुस्त होते. टेलिकॅस्टरच्या मानेकडील पिकअपचे धातूचे झाकण मात्र बहुधा त्यांपैकी एका टोकालाच जोडलेले असते. तेथे आधी तो सांधा तोडून झाकणासाठी वेगळी तार काढावी लागते, एरवी झाकण भूसंपर्काऐवजी संकेताच्या तारेला लागते आणि त्यास बोट लागताच गुणगुण सुरू होते.